लायका एम ९ वर रशियन ज्युपिटर-८ लेन्स: स्टेज कडक, मेकअपच्या खोलीत मात्र डोळे सोडून कान शार्प

झाडीचा_गडी (ब्रह्मपुरीकडचा)
राम राम मंडळी. इथे नुसता वाचत असतो, आता अडलं म्हणून लिहून रायलो. माझे मोठे बाबा भिलाईच्या कारखान्यात होते, तिथं तेव्हा रशियन इंजिनिअर असायचे, त्यातल्या एकाकडून त्यांनी झोर्की-४ घेतला होता ज्युपिटर-८ लेन्ससकट, ५० मिमी एफ/२. कॅमेऱ्याचा पडदा केव्हाच फाटला पण लेन्स अजून चांगली हाय, काच साफ, फंगस नाही, रिंग गोडीत फिरते. मी लग्नाचे फोटो काढतो अन् दिवाळीनंतर मंडईचा (गावच्या जत्रांचा) सीझन सुरू झाला का झाडीपट्टीची नाटकं. दोन डीएसएलआर बॉड्या अन् एक ७०-२०० विकून जुना लायका एम ९ घेतला (घरी अजून किंमत सांगतली नाही), त्याले ३९ मिमी स्क्रूचा अडॅप्टर लावून हीच लेन्स वापरतो.

आता गंमत अशी का स्टेजसमोरून ५-६ मीटरवरून एफ/२ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, काढलेले फोटो एकदम कडक येतात. पण नाटकाआधी मेकअपच्या खोलीत बल्बच्या उजेडात मीटरभरावरून काढले का रेंजफाइंडरमध्ये (फोकस जुळवाच्या खिडकीत) दोन्ही प्रतिमा डोळ्यावर बरोबर जुळवूनही डोळा मऊ आणि कानाजवळचे केस शार्प. दरवेळी तसंच, कधी पुढे कधी मागे असं नाही. राजाचं काम करणारा नट फोटो पाहून म्हणते, भाऊ माये कुंडलं झकास आले, तोंड कुठं गेलं? लेन्स खराब हाय का बॉडी का अडॅप्टर? कोणाले अनुभव असन तर सांगा.

संत्राबर्फी (नागपूर)
वा, भिलाईचा झोर्की! धाग्याला शुभेच्छा. फोकसच्या आधी एक विचारतो, सेन्सर बदललेला आहे का? एम ९ च्या मूळ सेन्सरवरच्या काचेला गंज धरतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. एफ/१६ ला ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, भोवती वलय असलेले ठिपके दिसले आणि ब्लोअरने गेले नाहीत तर तो गंज.

झाडीचा_गडी
बदललेला हाय, आधीच्या मालकानं कागद देल्ला हाय. एफ/१६ ला पायलं, धूळ दिसते फक्त, ते आमच्याकडं धानाच्या मळणीच्या दिवसांत असतेच.

पऱ्हाटी (यवतमाळ)
दादा, आधी बॉडी की लेन्स ते वेगळं करून घ्या. कोणाकडून एम माउंटची चांगली ५० मागून आणा, कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर वर्तमानपत्र तिरकं ठेवायचं आणि मधल्या एका मथळ्यावर एफ/२ ला फोकस करायचा, मीटरभरावरून. त्या लेन्सनेही मागच्याच ओळी शार्प आल्या तर बॉडीचा रेंजफाइंडर हललाय. ती बरोबर आली तर ज्युपिटर. आणि रात्री दूरच्या टॉवरचा लाल दिवा बघा, इन्फिनिटीला (फोकस सगळ्यात लांब ठेवून) दोन दिव्यांचा एक होतो की नाही. एम ९ ला लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर लेन्समधूनच बघणं) नाही म्हणून हे असं करावं लागतं, २०१२ च्या एम २४० पासून तो आला.

लोणारकर
कायले एवढा खटाटोप राजेहो. फुलफ्रेम मिररलेस घ्या, पाचशे-हजाराचा अडॅप्टर लावा, लेन्समधूनच दिसते, डोळ्यावर झूम करा अन् काढा. मी हेच करतो. त्या लायकाच्या पैशात ट्रॅक्टरचं ट्रॉलीसहित ॲडव्हान्स झालं असतं.

जुना_स्टुडिओ (आर्वी)
गडीभाऊ, लेन्स चांगली आहे, बॉडी चांगली आहे, दोघांचं गोत्र जुळत नाही एवढंच. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

रेंजफाइंडर लेन्समधून बघतच नाही. लेन्सच्या मागे धातूची रिंग असते, ती बॉडीतल्या छोट्या चाकाला ढकलते आणि चाक जितकं हललं तितकी खिडकीतली दुसरी प्रतिमा सरकते. काचेने खरा फोकस कुठे केला हे बॉडीला कळायचा मार्गच नाही, ती रिंगवर विश्वास ठेवते. लायकाचा सगळा हिशोब ५१.६ मिमीच्या लेन्सवर बसवलेला आहे, ५० म्हणून जी विकतात ती खरी ५१.६. तिकडे झाइस कंपनीने कॉन्टॅक्स कॅमेरा काढला, १९३२ सालीच, त्याचा हिशोब ५२.४ चा. लुडविग बेर्टेलेने डिझाइन केलेली सोनार ही त्या कॉन्टॅक्सची लेन्स. महायुद्धानंतर झाइसची यंत्रं, नकाशे, काच असं बरंच काही रशियनांनी उचलून नेलं आणि त्या ५० एफ/२ सोनारचीच पुढे ज्युपिटर-८ झाली. कीव्ह कॅमेऱ्यासाठी कॉन्टॅक्सच्या बायोनेटमध्ये आणि झोर्की-फेडसाठी ३९ मिमी स्क्रूमध्ये. स्क्रू लायकाचा आला पण काच आतून ५२.४ चीच राहिली.

आता आकडे. १ मीटरवर फोकस करायला ५१.६ ची लेन्स इन्फिनिटीपासून साधारण २.८१ मिमी पुढे यावी लागते, ५२.४ ची २.९० मिमी. तुमचा कॅमेरा रिंग २.८१ सरकली की म्हणतो झालं, एक मीटर. पण तेवढ्यावर ज्युपिटर खरी १ मीटर ३ सेंटिमीटरवर फोकस झालेली असते. म्हणजे तीन सेंटिमीटर मागे. एफ/२ ला एक मीटरवर डेप्थ (जेवढ्या अंतरातलं शार्प दिसतं ते) पुढेमागे धरून पाचेक सेंटिमीटर, म्हणजे मागच्या बाजूला अडीच. गेला डोळा. कुंडलं सापडली.

मग स्टेजवर काहून चालते? ६ मीटरवर हीच चूक वाढून १९ सेंटिमीटर होते, पण तिथे डेप्थ मागच्या बाजूला ८०-९० सेंटिमीटर असते, चूक त्यात बुडून जाते. दीड मीटरच्या आसपास काठावर, दोन-अडीचच्या पुढे काळजी नाही. तुमची लक्षणं इतकी तंतोतंत आहेत की मला वर्तमानपत्राचीही गरज वाटत नाही, तरी पऱ्हाटीताई म्हणतात ती चाचणी करा.

आणि मोठ्या बाबांच्या काळात हे कोणाला दिसलं नाही कारण पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर तीन सेंटिमीटर कोण मोजतो, त्यात एफ/२ ला कोण काढत होतं, १०० ची फिल्म आणि उन्हात एफ/११. आता १८ मेगापिक्सेल पडद्यावर शंभर टक्के करून पापणी मोजतात.

पऱ्हाटी
हे जबरदस्त आहे काका. वाखु (वाचनखूण) साठवली.

खटका
आकडे करून पाहिले, जुळतात. लोकं याच चुकीला सोनारचं कॅरेक्टर, सोनारचा ड्रीमी लुक म्हणून विकतात. अर्ध्याहून जास्त ड्रीमी फोटो हे मागे गेलेले फोकस आहेत.

संत्राबर्फी
खटकाभाऊ, असं सरसकट नका म्हणू. सोनारचा लुक आहेच. सहा काचा पण तीनच गटात चिकटवलेल्या, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त सहा. कोटिंग नसताना प्रत्येक पृष्ठभागावर ४ टक्क्यांच्या आसपास उजेड परत जायचा, म्हणून त्या काळात सोनार इतर फास्ट लेन्सपेक्षा कॉन्ट्रास्टी होती. मागचं धूसर मऊ होतं, कडा हळूहळू विरत जातात. त्यात एम ९ चा सीसीडी सेन्सर, त्याचे रंग वेगळेच.

खटका
लेन्सचं मान्य. सीसीडीचं नाही. एम ९ चा कोडॅक सीसीडी आणि त्यानंतरचा सीमॉस यांच्यातला रंगाचा फरक मुख्यतः फिल्टर आणि प्रोफाइलचा, रॉ फाइल नीट प्रोफाइल केली की डोळे झाकून ओळखणारा अजून भेटलेला नाही. आणखी एक, जुन्या लेन्सने शॅडोत डिटेल जास्त येतं हेही ऐकतो मी. तो फ्लेअर असतो, आत उजेड पसरून काळं करडं होतं, त्याने डिटेल वाढत नाही.

झाडीचा_गडी
जुना_स्टुडिओ काका, पाय लागू. आता उपाय सांगा. लेन्स विकाची नाही, मोठ्या बाबांची हाय.

जुना_स्टुडिओ
विकू नका. उपाय कागदाचा आहे, खरंच कागदाचा.

ज्युपिटर-८ चा काचांचा भाग फोकसिंगच्या नळीतून वेगळा निघतो, बारीक स्क्रू असतात ते सोडून तो उलटा फिरवत काढायचा. त्याच्या खांद्याखाली पातळ रिंग असते, शिम. आपल्याला काच ०.०९ मिमी पुढे पाहिजे आणि मागची रिंग होती तिथेच. झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो. त्याची त्याच मापाची रिंग कापा, शिमवर ठेवा, परत बसवा. भाग थोडा कमी फिरून घट्ट होईल म्हणून ॲपर्चरची खूण जराशी बाजूला दिसेल, त्याने फोटोला काही होत नाही. कागद काम करतो हे दिसलं की मग पितळी पत्र्याचा शिम करून घ्या, कागद आमच्याकडच्या पावसाळ्यात फुगतो.

याची किंमत इन्फिनिटीला मोजावी लागते. लेन्स आता ३० मीटरच्या पुढे फोकस करणार नाही, एफ/२ ला लांबचं जरा मऊ येईल. एफ/४ ला बंद केलं की डेप्थ सांभाळते. तुमचं काम एफ/२ ला जवळचं आणि दिवसा लांबचं, त्यामुळे सौदा फायद्याचा. तुम्ही डोंगर-तलाव काढत असता तर मी नको म्हटलं असतं.

लोणारकर
हा टोमणा मले होता का काका? लोणारच्या काठावरून ५० एफ/२ ला कोणी काढत नाही, एफ/८ ला काढतो. पण माया मुद्दा तोच, मिररलेसवर कागद लागत नाही.

पऱ्हाटी
लोणारकर, तुमचं बरोबर आहे, ५० पुरतं पूर्ण बरोबर. मीही दोन वर्षं मिररलेसवरच वापरली. पण वाइड लेन्स लावा, ३५ किंवा २८ ची जुनी रेंजफाइंडरवाली, आणि कोपरे बघा. या लेन्सची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ असते, कडेला उजेड फार तिरका पडतो आणि बऱ्याच मिररलेसच्या सेन्सरवरची काच जाड, कोपरे सारवल्यासारखे येतात. लायकाने एम ९ ला ती काच पातळ ठेवली आणि कडेच्या मायक्रोलेन्स सरकवून बसवल्या ते याचसाठी.

दुसरी गोष्ट नाटकाची. रेंजफाइंडरच्या खिडकीत ५० ची चौकट मध्ये दिसते आणि चौकटीबाहेरचंही दिसत राहतं. विंगेतून नट निघाला की तो चौकटीत यायच्या आधी दिसतो. मिररलेसमध्ये तो आत आल्यावरच कळतो. मी कापूस वेचणीचे, जिनिंगचे फोटो काढते, तिथेही बाई ओळीतून पुढे सरकते तेव्हा हेच कामाला येतं.

लोणारकर
हे मान्य. चौकटीबाहेरचं दिसणं ही गोष्ट मी वापरलीच नाही म्हणून माहीत नव्हती. पण ताडोब्यात नेऊन दाखवा म्हणा.

पऱ्हाटी
ताडोब्यात १३५ च्या पुढे रेंजफाइंडरची चौकटच नाही, वाघाने जिप्सीवर पाय ठेवला तर जमेल :)

वैनगंगा (भंडारा)
मस्त चाललंय. माझा प्रश्न बजेटवाल्यांचा. एम ८ स्वस्तात मिळतो असं ऐकलं, तो चालेल का नाटकाला? आणि तो एप्सनचा एक होता ना?

संत्राबर्फी
एप्सन आर-डी १, २००४ चा, पहिला डिजिटल रेंजफाइंडर तोच. ६ मेगापिक्सेल, दर फोटोला फिल्मसारखा लिव्हर ओढून शटर चढवायचं. हौस म्हणून घ्या, सीझन काढायला नको, पार्ट मिळणार नाहीत. एम ८ (२००६) चा सेन्सर लहान, १.३३ क्रॉप, तुमची ५० ही ६७ सारखी वागेल. आणि त्याच्या सेन्सरपुढचा इन्फ्रारेड फिल्टर कमजोर आहे, काळे सिंथेटिक कपडे जांभळट येतात. झाडीपट्टीच्या ड्रेपरीत काळा वेलवेट अन् नायलॉनचे विग किती असतात ते गडीभाऊला विचारा. लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावावाच लागतो, ज्युपिटर-८ ला ४०.५ मिमीचा, आणि त्या मापाचा मिळता मिळत नाही.

झाडीचा_गडी
विगाचं नका विचारू. एकाच रात्री तेच विग नारदाले अन् तेच खलनायकाले.

आता नवीन प्रॉब्लेम सांगतो. यंदा कंपन्यांनी सगळे एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) लावले. काही फोटोत आडवे पट्टे येतात, काहीत नट अर्धा निळा. १/१२५, १/२५० ला.

खटका
आपली वीज ५० हर्ट्झ, स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/१०० किंवा १/५० च्या जवळपास ठेवा, जवळजवळ पूर्ण लहर धरली जाते. रंग बदलणारे दिवे वेगळ्याच वेगाने चमकतात, त्यांना १/५० च्या जवळपास तरी ठेवा आणि नट थांबतो तेव्हा दाबा. आयएसओ एम ९ ला २५०० पर्यंत जातो पण मी ८०० च्या वर नेत नाही, रॉ मध्ये नंतर उजळतो, कमी घाण दिसते.

जुना_स्टुडिओ
नट थांबतो तेव्हा दाबा हे खरं. नाटकात प्रत्येक मोठ्या वाक्यानंतर नट टाळीसाठी थांबतोच, झाडीपट्टीत जरा जास्तच थांबतो.

फ्लॅश मात्र लावू नका, मेकअपच्या खोलीतही नाही. आमच्या सेवाग्रामला कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले, परवानगीच्या अटी दोन, फ्लॅश नाही आणि पोज देणार नाही. आश्रम पैसे देणार नाही हेही होतंच, घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांत त्यांनी रोलायफ्लेक्स घेतला. तो रेंजफाइंडर नव्हे, वरून पाहायचा ट्विन लेन्स, पण त्या स्लो फिल्मवर झोपडीतल्या खिडकीच्या उजेडात त्यांनी जे काढलं ते पाहून ये कोणीतरी आणि मग मला सांग की बल्बखाली एफ/२ पुरत नाही म्हणून.

वैनगंगा
लेन्स ठेवायची कशी? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते तर काचेला का नाही येणार. आणि मेमध्ये ४५.

पऱ्हाटी
चामड्याच्या जुन्या केसमध्ये अजिबात नको, बुरशी तिथूनच चढते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, जुनं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर येतं आणि तिथून काचेवर धुकं धरतं.

संत्राबर्फी
धुक्यावरून आठवलं, कॅननची ५० एफ/१.८ स्क्रूवाली कोणी घेणार असेल तर पाठीमागून टॉर्च मारून पाहिल्याशिवाय घेऊ नका. पात्यांच्या मागच्या काचेवर धुकं हा तिचा नेहमीचा आजार, आणि जास्त दिवस राहिलं तर काच कोरली जाते, पुसून जात नाही. बाकी लेन्स सुरेख, आणि लायकाच्या हिशोबाची, कागद लागत नाही. ऑनलाइन ज्युपिटर घेणाऱ्यांनी माउंटचा फोटो मागा, कीव्हची बायोनेटवाली गळ्यात पडते, ती या अडॅप्टरवर बसत नाही. आणि सोन्याच्या पाण्याची, गरुड कोरलेली लायका कोणी दाखवली तर हसून पुढे जा, ती फेड किंवा झोर्कीच असते.

झाडीचा_गडी
कागद टाकला. पहिल्यांदा पाटीच्या कागदाचा टाकला तो जाड झाला, फोकस पुढे आला, नाकावर. मग झेरॉक्सचा. आता मीटरभरावर डोळा डोळ्यावर हाय, पापण्या मोजून घ्या. वर्तमानपत्राची चाचणी पण केली, वडशाच्या एका मित्राची लायकाची समिक्रॉन लेन्स लावून, ती बरोबर आली म्हणजे बॉडी ठीक. लांबचं एफ/२ ला मऊ येते हे खरं हाय, पण रात्री लांबचं काय काढाचं. पितळी शिम लेथवाल्याले सांगतला.

आता ३५ ची पाहिजे, अख्खी स्टेज एका फ्रेममध्ये घ्याले. ज्युपिटर-१२ कशी?

पऱ्हाटी
ती झाइसच्या बिओगॉन लेन्सची नक्कल, एफ/२.८, मधोमध छान, पण मागची काच एवढी बाहेर आलेली की सेन्सरच्या जवळजवळ आत जाते. डिजिटलवर कडा जांभळ्या होतात. ब्लॅक अँड व्हाइट करणार असाल तर घ्या. आणि मागचं झाकण खोल पाहिजे, साधं लावलं तर काचेवर टेकतं.

जुना_स्टुडिओ
नाटकाला एफ/२.८ कमीच पडेल. थोडे पैसे साठवून कोसिनाच्या फोइग्टलेंडरची ३५ बघा. व्हिंटेज नाही, पण कामाची.

वैनगंगा
मी पण इंडस्टार-६१ मागवली, एम ९ मावसभावाचा आहे. अडॅप्टर स्वस्तातला आलाय, ५०/७५ लिहिलेला. मधली जाडी १ मिमीच पाहिजे ना? मोजू कशाने, स्केलवर काय दिसणार.

जुना_स्टुडिओ
५०/७५ बरोबर, खिडकीत ५० ची चौकट येईल. जाडी १ मिमी, कारण स्क्रू माउंट फिल्मपासून २८.८ वर आणि १९५४ पासूनचा एम माउंट २७.८ वर. इंजिन बोरिंगवाल्याकडे मायक्रोमीटर असतो, ट्रॅक्टरचे पिस्टन मोजायला, चहा पाजा आणि मोजून घ्या. एका जागी नाही, चारी बाजूंना. एखाद-दोन शतांश सगळीकडून सारखा कमी असला तर ५० ला चालतं, कारण काच आणि मागची रिंग दोन्ही एकत्रच सरकतात, रेंजफाइंडर सांभाळून घेतो, फक्त लेन्सवरचे आकडे खोटे बोलतात. जास्त असेल तर इन्फिनिटी मिळणार नाही. ३५ आणि ८५ ला मात्र कमीही चालत नाही. आणि चारी बाजूंना वेगवेगळा भरला तर परत पाठवा, फ्रेमची एक बाजू कायम मऊ येईल.

वैनगंगा
बोरिंगवाला ओळखीचा आहे. सोमवारी बाजारला जाईन तेव्हा मोजून टाकतो इथे.